दाताची पाठ

माझ्या मावशीला तिच्या गल्लीतले लोक कितीतरी वर्षं दातांची डॉक्टर समजत होते. चूक तिचीच. वरच्या मजल्यावर नव्यानं राहायला आलेल्या बाईनं एकदा जिन्यात विचारलं, "तुम्ही काय करता?" मावशी घाईत होती. "दात बघते," म्हणाली आणि भराभर उतरून गेली. पुढच्या आठवड्यात ती बाई सुजलेला गाल धरून दारात हजर. मावशीनं तिला आत बसवलं, कोमट पाण्यात मीठ टाकून गुळण्यांना दिलं आणि मग म्हणाली, "मी बघते ते दात मुठीएवढे असतात, बाई. आणि ते दुखतात तेव्हा कुणी गाल धरून येत नाही. आपल्यालाच वर चढावं लागतं."

ते दात पवनचक्कीच्या गिअरबॉक्समधले. शहराबाहेरच्या डोंगरधारेवर चाळीस चक्क्या होत्या आणि त्यांची देखभाल करणाऱ्या तुकडीत मावशी होती.

कॉलेजची चार वर्षं मी तिच्याकडे राहिले. काका, म्हणजे तिचे यजमान, शिंपी. पुढच्या खोलीत त्यांचं मशीन, कापडाचे गठ्ठे आणि गिऱ्हाइकांसाठी टांगलेला आरसा. मागच्या खोलीत एकच मोठं टेबल. त्यावर मी अभ्यास करायची, काका कापड बेतायचे आणि मावशी जेवायची, बहुतेक वेळा तिघंही एकदमच. पुढचं बरंचसं मी त्या टेबलाशी ऐकलं. उरलेलं तिच्याबरोबर काम केलेल्या माणसांनी मला नंतर सांगितलं, कारण मावशी स्वतःच्या गोष्टी अर्ध्यावर सोडून ताट धुवायला उठायची.

ती मुळात कारखान्यातली. अठराव्या वर्षी ग्राइंडिंगच्या खात्यात लागली. गिअरचे दात घासून केसाच्याही दहाव्या हिश्शापर्यंत नेमके करायचे, हे तिनं अठरा वर्षं केलं. दातावरून नखाचं टोक फिरवून तो कुठे फुगलाय ते ती सांगायची, आणि मोजायला गेलेला माणूस मान हलवत परत यायचा. मग कारखाना बंद पडला. ती छत्तीसची होती. चक्कीवाल्या कंपनीत मुलाखतीला गेली, तर समोरच्या माणसानं अर्जावरचं वय बघून भुवया चढवल्या.

"शिडी उंच आहे, बाई. धापा टाकतात चांगले चांगले."

"शिडीला वय कळत नाही. दाखवा कुठे आहे."

दाखवली. ती चढली, माथ्यावरून खाली फोन केला आणि विचारलं, "आता नुसतीच उतरू, की वर आलेच आहे तर काही काम आहे?"

मोठ्या चक्कीच्या पोटात काय असतं ते इथेच सांगते, म्हणजे पुढचं समजेल. पाती मिनिटाला पंधरा फेरे घेतात, पेंगत असल्यासारखी. जनरेटरला मात्र मिनिटाला पंधराशे फेरे लागतात. मधली शंभरपट गिअरबॉक्स करतो. जमिनीपासून नव्वद मीटरवर, बसएवढ्या एका खोलीत, पात्यांकडून झाडाच्या बुंध्याएवढा शाफ्ट गिअरबॉक्समध्ये शिरतो आणि पलीकडून दंडाएवढा शाफ्ट सुसाट फिरत बाहेर पडतो. या बारक्या शाफ्टवर ब्रेकची चकती, तिच्यापुढे कपलिंग, म्हणजे दोन शाफ्ट जोडणारा दुवा, आणि त्याच्यापुढे जनरेटर. वारा एकाच दिशेनं ढकलतो, म्हणून गिअरचे दातही एकाच अंगानं भार घेतात. झिजायचं ते दाताचं तोंड. पाठीला काही कामच नसतं.

मावशी पन्नाशीला आली तेव्हा धारेवरच्या जुन्या छोट्या चक्क्या काढून या नव्या, मोठ्या चक्क्या लावून चार वर्षं होत आली होती. गिअरबॉक्स वीस वर्षं टिकेल असं कागदावर होतं. प्रत्यक्षात चार वर्षांत अकरा गेले. दरवेळी तेच. आतलं एक बेअरिंग फुटायचं, त्याचा चुरा दातांत जायचा आणि मग मोठी क्रेन आणून ट्रकएवढा तो गिअरबॉक्स खाली उतरवावा लागायचा.

अकराव्यानंतर वरच्या कार्यालयातून पत्र आलं. कारण ठरलं होतं: देखभालीत हलगर्जीपणा. तेलाचा फिल्टर वेळेवर बदलला नाही. नोंदवहीत ज्याची सही होती त्याला घरी बसवलं गेलं, आणि ती सही होती उंटाची.

उंट म्हणजे मावशीचा जोडीदार. चक्कीवर एकट्यानं चढायचं नसतं, दोघं लागतात. हा माणूस इतका उंच की माथ्यावरच्या खोलीत दिवसभर मान वाकवून काम करायचा. त्याला नावाचं काही वाटायचं नाही. फोनसुद्धा "उंट बोलतोय" म्हणून उचलायचा. फिल्टर बदलायला त्याला नऊ दिवस उशीर झाला होता ही गोष्ट खरी. त्या नऊ दिवसांत वारा एवढा होता की चढायला बंदी होती, हीसुद्धा खरी. आणि त्या बंदीच्या हुकमाखाली साहेबांची सही होती.

साहेब म्हणजे धारेवरच्या सगळ्या कामाचे प्रमुख. त्यांनी मावशीला बोलावून एक टाइप केलेला कागद पुढे केला. जोडीदारानं कामात वेळोवेळी दिरंगाई केल्याचं मी पाहिलं आहे, असं त्यावर होतं. खाली तिच्या सहीची जागा.

मावशीनं कागद पूर्ण वाचला. मग तो पालथा घातला, पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर त्या दिवशीच्या कामांची यादी लिहिली, घडी करून खिशात घातला आणि कामाला निघाली.

"बाई, सही?" साहेब मागून म्हणाले.

"कोरा कागद लागला तर मागेन मी," मावशी म्हणाली.

घरी काकांनी हे ऐकलं तेव्हा त्यांची कात्री कापडातच थांबली. काका भित्रे. कुणी मोठ्यानं बोललं तरी ते चूक आपलीच असेल असं धरून चालायचे. "अगं, करून टाकायची सही. तो तरणा आहे, त्याला दुसरीकडे कुठेही मिळेल. तुला या वयात कोण घेणार?"

"अहो, फिल्टरनं बेअरिंग असं फुटत नाही."

"मग कशानं फुटतं?"

"ते कळलं असतं तर जेवले नसते का शांतपणे?" मावशी म्हणाली, आणि खरंच ताट सरकवून उठली.

उतरवलेला अकरावा गिअरबॉक्स कंपनीच्या पत्र्याच्या शेडमध्ये खोलून ठेवला होता. पुढच्या सुट्टीच्या दिवशी मावशी तिथे गेली. पहारेकरी ओळखीचा होता. तिनं बॅटरी घेतली, गुडघ्यांवर बसली आणि फुटलेल्या बेअरिंगकडे बघितलंसुद्धा नाही. ते सगळ्यांनीच बघितलं होतं. ती दात बघू लागली. एकेक दात चिंधीनं पुसायचा, नख फिरवायचं, पुढचा. तोंडाकडून दात जसे झिजायला हवेत तसेच झिजले होते. मग तिनं हात पलीकडे घातला. नखाला वेगळं लागलं. बॅटरी फिरवली तर दाताची पाठ चमकत होती, रोज पुसलेल्या पितळी कडीसारखी.

ती घरी आली ती हात न धुताच टेबलाशी बसली. माझी दोन पुस्तकं घेऊन तिनं ती अर्धवट उघडून एकमेकांत अडकवली. "हे बघ. हा दात याला ढकलतो. वारा आहे तोवर असाच ढकलत राहणार. तर मग याच्या पाठीला कोण घासतंय?"

"उलटं फिरलं तर?" मी म्हणाले.

"चक्की उलटी फिरत नाही." ती जरा थांबली. "पण उलटा झटका बसू शकतो. क्षणभर. पुढचा मागच्याला मारतो, मग मागचा पुढच्याला. आणि तेवढ्यात बेअरिंगमधल्या रुळांवरचा भार जातो, ते लोळायचे ते घसरतात, आणि घसरत असतानाच भार पुन्हा आदळतो. त्यांना तडे जाणार नाहीत तर काय होईल?"

तिनं हे कार्यालयाला लिहून कळवलं. चार ओळींत उत्तर आलं: कंट्रोलरच्या नोंदींत उलटा भार कुठेही दिसत नाही. तिनं नोंदी मागवल्या. कंट्रोलर म्हणजे चक्की चालवणारा संगणक. तो दर दहा मिनिटांची सरासरी काढून ठेवत होता.

"सरासरी!" मावशी टेबलावर हात आपटून म्हणाली. काकांच्या टाचण्या उडाल्या. "मी एखाद्याच्या कानाखाली वाजवली आणि दहा मिनिटांची सरासरी काढली, तर मी त्याच्या गालावरून हात फिरवला असं निघेल!"

मग तिनं माझी लाल नेलपॉलिशची बाटली मागून घेतली. मला वाटलं, इतक्या वर्षांनी हिला हौस आली.

कपलिंगमध्ये एक सोय असते. जोर बेसुमार झाला तर तिथले दोन भाग एकमेकांवर जरासे घसरतात, म्हणजे बाकी काही मोडत नाही. मावशीनं तीन चक्क्यांवर कपलिंग स्वच्छ पुसून दोन्ही भागांवरून एक सरळ लाल रेघ ओढली. अर्धी रेघ गिअरबॉक्सकडच्या भागावर, अर्धी जनरेटरकडच्या. घसरलं तर रेघ तुटणार, आणि कोणता भाग पुढे गेला तेही दिसणार. हे तिनं नोंदवहीत तारखेसह लिहून ठेवलं. बदली जोडीदार म्हणून आलेल्या वायरमननं खाली सही केली. तो फार बोलायचा नाही, पण सही ठसठशीत करायचा.

अडीच आठवड्यांनी भर दुपारी वीजवाहिनीत बिघाड होऊन सगळी धार एकदम थांबली. वारा जोराचा होता. दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी आणि वायरमन चौतीस नंबरवर चढले. रेघ तुटली होती. जनरेटरकडची अर्धी रेघ चार बोटं पुढे गेली होती.

वायरमन म्हणाला, "म्हणजे?" त्या आठवड्यातला बहुधा त्याचा पहिला शब्द.

"म्हणजे जनरेटर धावत होता आणि मागून त्याला कुणीतरी एकदम धरून ठेवलं. वाऱ्यानं ओढाताण झाली असती तर गिअरबॉक्सकडची रेघ पुढे गेली असती." तिनं चकतीकडे बोट दाखवलं. "ब्रेक. वारा सोडून द्यायला पाती अजून पुरी वळलेली नसतात, चक्की पूर्ण वेगात असते, आणि हा आधीच करकचून चावतो."

माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलं होतं: कपलिंग घसरलेलं आढळल्यास तपासणी होऊन कारण नोंदवेपर्यंत यंत्र सुरू करू नये. मावशीनं पात्यांचा शाफ्ट खिळीनं अडकवला आणि त्या खिळीला आपलं लाल कुलूप लावलं. प्रत्येक कामगाराला असं एक कुलूप मिळतं, त्यावर त्याचा फोटो असतो. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं, दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. कारण आत माणूस असताना यंत्र सुरू झालं तर काय होतं ते या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या खोलीत बैठक झाली. साहेब, मावशी, वायरमन आणि मुख्य कार्यालयातून आलेला, नियंत्रणाचं डिझाइन करणारा एक माणूस. जाड काचांमुळे सगळे त्याला चष्मेवाला म्हणत. तो खरं तर अकराव्या गिअरबॉक्सचा अहवाल पुरा करायला आला होता. मावशीनं पिशवीतून शेडमधल्या गिअरचा फुटका तुकडा काढला आणि टेबलावर ठेवला. टेबलाच्या काचेवर आवाज झाला.

"याची पाठ बघा," ती चष्मेवाल्याला म्हणाली.

"बाई," साहेब म्हणाले, "तुमचं काम पाना फिरवायचं. डिझाइन ही माणसं करतात. चौतीस नंबर आज दुपारी सुरू झाला पाहिजे. कुलूप काढा."

"कारण नोंदवा, काढते. ब्रेक आधी का लागतो? आधी पाती वळवून वारा सोडून द्यायचा, चक्की मंद झाली की मग ब्रेक. जुन्या चक्क्यांवर तसंच होतं."

चष्मेवाल्यानं मान वर केली. "आमच्या मूळ डिझाइनमध्येही तसंच आहे. इथे बदललंय?"

वायरमननं साहेबांकडे बघितलं. मग साहेबच म्हणाले, "मी बदलून घेतलं. लावतानाच." त्यांचा आवाज खाली आला होता. "आधीच्या ठिकाणी एक चक्की सुसाट सुटताना मी पाहिलीय. पाती वळलीच नाहीत. ब्रेक लागला तोवर उशीर झाला होता. खाली उभे होतो आम्ही. पात्याचा तुकडा माझ्या माणसाच्या दहा पावलांवर पडला. तेव्हापासून माझ्या हाताखालची चक्की थांबायला सांगितलं की थांबते. त्याच क्षणी. गिअरबॉक्स गेला तर जाऊ दे."

"तो जाऊ दे, हे तुम्ही ठरवलंत," मावशी म्हणाली. "मग तो गेला म्हणून उंटाला का घालवलंत?"

साहेब उठले. "कुलूप काढताय की नाही?"

"नाही. यंत्रावर भराभर नोंद घेणारं उपकरण लावा, सरासरीवालं नको, सेकंदाला शंभरदा मोजणारं. मग माझ्या समोर एकदा तातडीनं थांबवा. उलटा झटका दिसला नाही तर कुलूपही काढते आणि तुमच्या त्या कागदावर सहीही करते."

त्या संध्याकाळी तिला घरी बसवल्याचं पत्र मिळालं. ओळखपत्र, चढताना बांधायचा पट्टा, शिरस्त्राण तिनं जमा केलं. किल्ली केली नाही.

आता कंपनीपुढे पेच. कुलूप कापता येत होतं, त्याची रीतही होती. जबाबदार अधिकाऱ्यानं स्वतः वर जाऊन तपासायचं आणि 'धोका नाही' असं लिहून सही करायची. कपलिंग घसरल्याचं नोंदवहीत आलेलं, पुस्तिकेतला नियम सगळ्यांनी वाचलेला. फॉर्म तीन टेबलांवरून फिरला. पेन कुणाच्याच खिशात सापडेना.

चौथ्या दिवशी कंपनीचा एक माणूस घरी आला. मावशी बाहेर गेली होती. मी अभ्यास करत होते, काका मशीनवर. माणूस गोड बोलणारा होता. "काका, बाईंचं भलं व्हावं असं आम्हालाही वाटतं. फक्त किल्ली द्या. त्यांना कळायचंही कारण नाही."

काकांनी पाय थांबवला नाही. मशीन टकटकत राहिलं. त्यांच्या मानेवर घाम आलेला मला दिसत होता. शिलाई टोकापर्यंत नेली, दोरा दातांनी तोडला आणि म्हणाले, "या घरात बटणं मिळतील, हुक मिळतील, चेन मिळेल. किल्ली मिळणार नाही."

"विचार करा. त्यांची नोकरी—"

"माप द्यायचं असेल तर आरशापाशी उभे राहा," काका म्हणाले. "नाहीतर उजेड अडतोय माझा."

तो गेल्यावर सुईत दोरा मात्र मला ओवून द्यावा लागला. मावशी आली तेव्हा मी सगळं साभिनय सांगितलं. तिनं काकांकडे बघितलं, त्यांनी कापडाकडे. "चहा ठेवते," एवढंच ती म्हणाली. पण त्या दिवशी तिनं त्यांच्या सगळ्या कात्र्यांना धार लावून दिली.

नवव्या दिवशी फोन आला तो चष्मेवाल्याचा. तो मुख्य कार्यालयात परतला होता, पण त्या चमकत्या पाठीचा फोटो त्यानं बरोबर नेला होता. "मी सगळ्या नोंदी चाळल्या," तो म्हणाला. "तुम्ही म्हणता ते आहे असं सिद्ध होत नाही. पण नाही असंही सिद्ध होत नाही. आणि नाही असं मी चार ओळींत लिहून पाठवलं होतं, त्याची मला लाज वाटते. उपकरण घेऊन येतोय. चाचणीची मागणी माझ्या सहीनं दिलीय. कुलूप तुमचं आहे, तुम्हाला वर यावं लागेल."

"पट्टा जमा आहे माझा."

"परत द्यायला सांगितलंय."

चष्मेवाला आयुष्यभर चक्क्या डिझाइन करत आला होता, चढला दोनदाच होता. तिसऱ्या टप्प्यावर त्याचा चेहरा पांढराफटक पडला. मावशी खालून म्हणाली, "वर बघू नका, खाली बघू नका. हातासमोरची पायरी बघा. तिला एकटीलाच तुमची गरज आहे." वर पोचल्यावर तो पाच मिनिटं गिअरबॉक्सला पाठ टेकून डोळे मिटून बसला. मग उठून त्यानं शाफ्टवर भार मोजणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या, आणि ते काम मात्र त्यानं इतकं निगुतीनं केलं की मावशीनं नंतर दोनदा त्याचं कौतुक केलं. कपलिंग तपासून झालं, कारण शोधण्यासाठी एकच चाचणी असं नोंदवहीत लिहिलं गेलं, आणि मावशीनं कुलूप काढलं.

चक्की फिरताना वर माणूस ठेवत नाहीत. सगळे खाली नियंत्रण खोलीत जमले, साहेबही. वारा हवा तेवढा होता. चष्मेवाल्यानं तातडीच्या थांब्याचं बटण दाबलं.

पडद्यावर भाराची रेघ वरच्या बाजूला स्थिर चालली होती. ती दगडासारखी खाली पडली, शून्य ओलांडून तेवढीच खाली गेली, परत उसळली, परत खाली. वीजभार तुटून जनरेटरची पकड एका झटक्यात सुटल्यावर पिळलेला शाफ्ट उलगडत होता, आणि तो उलगडत असतानाच ब्रेकनं पलीकडचं टोक आवळलं होतं. दात पुढे मार खात होते, मागे मार खात होते. चष्मेवाला बोट ठेवून मोजत गेला. "नऊ वेळा," तो म्हणाला. "साडेसहा सेकंदांत नऊ वेळा उलटा."

मावशी पडद्याकडे बघतच नव्हती, साहेबांकडे बघत होती.

"माझ्या माणसांना काही होऊ नये म्हणून केलं मी," साहेब म्हणाले.

"माहीत आहे. उंटही तुमचाच माणूस होता."

पुढच्या दोन दिवसांत चष्मेवाल्यानं तिथेच बसून क्रम बदलला. थांबायचा हुकूम आला की आधी पाती वळणार. जनरेटर आपली पकड एकदम न सोडता, वीज मोठ्या रोधकांत उष्णता करून जिरवत, दोन-तीन सेकंदांत हळूहळू सैल करणार. ब्रेक वाट बघणार, आणि चक्की पार मंदावल्यावर मऊ लागणार. साहेबांची भीती त्यानं हसण्यावारी नेली नाही. तिन्ही पात्यांना वळवायची स्वतंत्र व्यवस्था आहे हे त्यांना दाखवलं, आणि त्यातलं एकही पातं ठरल्या वेळात वळलं नाही तर ब्रेक लगेच लागेल असं कलम घातलं. पुन्हा चाचणी घेतली. रेघ खाली आली ती जिना उतरल्यासारखी, आणि शून्याखाली एकदाच, जरा डोकावून परत आली.

आधीच तडे गेलेले दोन गिअरबॉक्स त्यानंतरही फुटले. मग नाही. याला आता नऊ वर्षं झाली.

गोष्ट इथे गोड संपायला हरकत नव्हती, पण मावशी घरून हलेना. कंपनीनं कामावर या म्हणून कळवलं, तर तिनं कळवलं, आधी उंटाला दिलेलं पत्र मागे घ्या, तेही लेखी. दोन महिने ती घरी बसली. काकांच्या मशीनचा प्रत्येक स्क्रू त्या दोन महिन्यांत काढून पुन्हा बसवला गेला. शेवटी पत्र मागे घेतलं गेलं आणि उंटाला सन्मानानं बोलावणं गेलं. तोवर तो बंदरावर क्रेन चालवायला लागला होता. पत्र घेऊन तो मावशीला भेटायला आला, घडी उलगडून आम्हा तिघांना मोठ्यानं वाचून दाखवलं आणि म्हणाला, "ताई, हे फ्रेम करून लावीन. पण येत नाही. तिकडे केबिनमध्ये मान सरळ राहते हो." मावशीला वाईट वाटलं, आणि तिनं ते लपवलं नाही.

तिच्या स्वतःच्या फाइलमध्ये मात्र 'शिस्तभंग' हा शेरा राहिला. दिलगिरी व्यक्त करा, काढून टाकू, असं सांगण्यात आलं. तिनं सांगितलेलं पत्र मी टाइप केलं: "कुलूप लावलं ते बरोबर होतं. पुन्हा तशी रेघ दिसली तर पुन्हा लावीन." ते पत्र तिच्या फाइलमध्ये आहे, शेऱ्याच्या मागोमाग. अहवालात 'नियंत्रण प्रणालीत सुधारणा' असं लिहिलं गेलं. कुणी केली, का करावी लागली, ते नाही.

मागच्या वर्षी, निवृत्तीला थोडेच महिने उरले असताना, तिला मुख्य कार्यालयातून बोलावणं आलं. आणखी मोठी चक्की येणार होती, जवळजवळ दुप्पट ताकदीची. चष्मेवाला तिथे आता वरच्या जागेवर होता. त्यानं हट्ट धरला होता की आराखडा पक्का करण्याआधी तो या बाईंना दाखवायचा. सुट्टी असल्यानं मी सोबत गेले. मोठ्या दालनात नव्या गिअरबॉक्सचा खऱ्या मापाचा लाकडी नमुना उभा होता. भोवती दहा-बारा इंजिनिअर, सगळे इस्त्रीच्या कपड्यांत. एकानं पंचवीस मिनिटं माहिती दिली, रंगीत चित्रं दाखवली. मावशीनं सगळं मन लावून ऐकलं.

मग ती उठली, बाही वर केली आणि नमुन्याच्या कुशीला असलेल्या तपासणीच्या झरोक्यात हात घातला. कोपरापर्यंत गेला आणि अडला. तिनं खांदा वळवला, पंजा फिरवून बघितला. बोटं पहिल्या दातापासून वीतभर अलीकडेच राहिली.

"कॅमेरा जातो आत," माहिती देणारा इंजिनिअर म्हणाला. "हात घालायची आता गरज नाही."

"कॅमेऱ्याला नख असतं का?"

कुणीतरी हसलं.

"हा झरोका इतका मोठा केला तर कवचाची ताकद कमी होते," तो समजुतीनं म्हणाला. "सगळं गणित पुन्हा करावं लागेल. सहा आठवडे जातील."

मावशीनं हात बाहेर काढला, बाही नीट केली आणि खुर्ची ओढून नमुन्यासमोरच बसली. "करा की," ती म्हणाली. "मी आहे इथे."